न उघडलेले अंडे

॥ श्रीगुरु ॥

कोल्हापूर
वैशाख वद्य पंचमी, शके १९२३
शनिवार, दि. १२ मे २००१

चि. शिवलीला हीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम आहे. तुझ्या आईचा गुडघा उन्हाळ्यात दुखत नाही, एवढा वैशाखाचा उपकार. परसातील बेलाला नवी पालवी आली आहे. प्रवचनाची निमंत्रणे यंदा मी थोडीच स्वीकारली, आवाज बसतो. अधिक लिहिण्यासारखे विशेष नाही.

एवढे लिहून लेखणी ठेवली होती. परसात गेलो, उगाच बेलाला पाणी घातले, पुन्हा येऊन बसलो. सध्या असेच चालले आहे. डाव्या तळहातावर इष्टलिंग घेतले की दृष्टी तिथे स्थिर व्हावी, हा माझा आयुष्यभराचा अभ्यास. आता ती घसरते आणि समोर चटईवर बसलेल्या तुझ्या लेकीवर जाते. तीही मांडी घालून आपल्या तळहातातील खेळाच्या यंत्राकडे पाहत असते. तिची दृष्टी मात्र ढळत नाही.

तिला आमच्याकडे पाठवलेस, हे योग्य केलेस. डॉक्टरांनी तुला खाटेवरून उठण्याची मनाई केली असता तुझ्या सासूबाईंनी, खतिजाबाईंनी, तुझे करावे की मुलीचे? तुझे सासरे लालासाब तिला घेऊन फाटकापर्यंत आले, तेव्हा मी पूजेत होतो. तुझ्या आईने त्यांना पाणी विचारले. "नको वहिनी, मिरजेची गाडी सुटंल," म्हणून ते उन्हातूनच परतले. पूजा त्या वेळी आटोपत आली होती, हेही लिहिले पाहिजे.

त्या यंत्राविषयी आरंभी माझे मत चांगले नव्हते. पुढे पाहता पाहता समजू लागले. एक लहान मूल दरवाजे ओलांडून निरनिराळ्या जगांत जाते. तिथे विचित्र जीव भेटतात. कोणी एकडोळ्या, कोणाची शेपटी पेटलेली, कोणाला नुसते तोंड. त्यांच्याशी लढायचे आणि लढता लढता त्यांना आपलेसे करायचे. मी तिला म्हणालो, हे तर शिवाचे गण. शिवाच्या वरातीत असलेच सगळे होते, आणि त्यांना पाहून वधूच्या आईची शुद्ध हरपली होती. तिने विचारले, "मग लगीन मोडलं?" मी म्हणालो, नाही, झाले. ती पुन्हा खेळू लागली.

आपलेसे करण्याचा उपाय ऐकून मात्र मी अस्वस्थ झालो. लढाईच्या मध्येच त्या जिवापुढे मांस टाकायचे.

"अज्जा, मटण टाकल्याबिगर कोण येत न्हाय."

"या घरात मांस येत नाही. डबीतसुद्धा नाही."

"खोटं असतंय ते."

"खोट्याचाही संकल्प होतो, बाळ."

तिने माझे ऐकले. मग कोणीच येईना. जीव हरायचे आणि निघून जायचे. मला वाटले, हट्टाने मी पोरीचा खेळ बुडवला. एके दिवशी ती पळतच स्वयंपाकघरात गेली. बेडकासारखा, पाठीवर पान उगवलेला एक जीव काही न देता आपण होऊन तिच्यासोबत निघाला होता.

"अज्जी, ह्यो बघ, फुकट आला."

"जंगमाच्या घरचा दिसतोय," तुझी आई म्हणाली. "त्याला गव्हाची हुग्गी वाढ की."

त्या दिवशी मी हसलो. तुझी आई म्हणते, पुष्कळ दिवसांनी हसलो.

आता यानंतरचे लिहितो.

त्या खेळात एक देवस्थान आहे. तिथे दोन जिवांचे लग्न लावता येते. तिच्याजवळ पहिल्यापासून एक नागाचे पिल्लू आहे. त्याचे त्या बेडकाशी लग्न ठरले आणि ते लावायला मला सांगितले. "तुम्ही सगळ्यांची लावतासा की." मी सवयीने दोघांचे कुळ विचारले. कुळे भिन्न होती. त्याच कुळातले पाहा, असे मी म्हणालो. ती म्हणाली, "एकाच कुळातलं केलं की त्येच त्येच पोर होतंय. येगळं केलं की नवीन होतंय." अगदी सहज म्हणाली. मी मंगलवचने म्हटली. तुझ्या आईने वाटीतून अक्षता आणल्या. एक दाणा यंत्राच्या कळीखाली अडकला आहे, तो अजून निघालेला नाही.

लग्न लागले, पडद्यावर एक अंडे आले आणि पोरीचा चेहरा उतरला. ते अंडे उघडले की बाळ जन्मते, आणि बाळ जन्मले की त्याचे आई-बाप निघून जातात. कायमचे. असा त्या खेळाचा नियम आहे. हे तिला आधी ठाऊक होते की त्याच वेळी वाचले, ते मी विचारले नाही. तिने यंत्र बंद केले, तुझ्या आईच्या खणात गुंडाळले आणि उशाशी ठेवले. तेव्हापासून ती खेळत नाही. जेवणही दोन घास. तुझ्या आईने पुरणपोळी केली, तिलाही हात लावला नाही.

काल दुपारी मी अंगणात बसलो असता ती शेजारी येऊन बसली.

"अम्मीचं बाळ आलं की अम्मी जाणार काय?"

मी तिला समजावले. खेळाचे नियम निराळे, संसाराचे निराळे. शास्त्राधार दिले, उदाहरणे दिली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग मी झालो तवा कोणच गेलं न्हाई?"

शिवलीला, तीस वर्षे मी प्रवचने करतो. शंका विचारणाऱ्याला मी कधी रिकाम्या हाताने पाठवले नाही. काल मात्र उत्तर तुझ्या आईने आतून दिले. ती तांदूळ निवडत होती, मानही वर केली नाही.

"तुझा अज्जा गेलता."

"कुठं?"

"कुठं न्हाई. हितंच बसून."

पोर माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. एखादा जीव सोबत येईल की नाही हे पडद्यावर पाहते, तसे. मग म्हणाली, "गेममधी गेलेलं परत येत न्हाई."

तुझे लग्न कचेरीत लागले त्या दिवशी मी बिद्रीला होतो. दुसऱ्याच्या मुलीवर अक्षता टाकत होतो. हे तुला कोणी ना कोणी सांगितलेच असेल. शबनमचा जन्म कळला, तेव्हा तुझी आई बाळंतविडा बांधून दारात उभी होती आणि मी जोडे घातले नाहीत. पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी होते, हे मी लोकांना सांगतो.

पाहा, पोरीचे नाव मी आत्ता कुठे लिहिले. वर सगळीकडे चुकवत आलो.

तर आता जे ठरवले आहे ते लिहितो. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने मी, तुझी आई आणि शबनम मिरजेला येत आहोत. डॉक्टरांनी प्रवासाला अनुमती दिली तर तुला घेऊन येऊ. माजघर सारवून घेतले आहे. न दिली तर तुझी आई डिंक आणि आळीव घेऊन तुमच्याकडेच राहील आणि मीही राहीन, माहेर तिकडे येईल. शबनमने बाळ आलेले पाहावे आणि त्यानंतर आपली आई जागच्या जागी पाहावी, यासाठी जे लागेल ते करू. अंडे ती तोवर उघडणार नाही, तसे तिने मला सांगितले आहे.

खिजररावांना माझा आशीर्वाद कळव. हा शब्द लिहायला मला नऊ वर्षे लागली. मी काही अट घालण्यासाठी येत नाही. त्यांचे मन झाले तर त्यांनीही कोल्हापूरला यावे, राहावे. जावयाचा पाट मांडलेला असेल. नच आले तर तो त्यांचा अधिकार आहे.

एक निरोप लालासाबांना. आमच्या फाटकातून ते तहानलेले परतले. गुरुवारी ऊन असेल. मी बाहेर कोणाच्या घरचे पाणी घेत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना सांग, तुमच्या दारात आल्यावर मी पहिल्यांदा पाणी मागणार आहे, त्यांच्या हातचे.

शबनम शेजारी बसून विचारते आहे, एवढं काय लिवतासा. मी सांगितले, येतो म्हणून लिहितो आहे.

सौ. शिवलीला, येतो.

तुझा
अप्पा