भुऱ्याच्या अंगावरची लोकर

२ नोव्हें., रवि.
शेजारच्या सुलभावहिनींनी जाळीच्या कापडावर भरायचं चित्र आणून दिलं. छापील, पांढरं झुबकेदार कुत्रं, गळ्यात गुलाबी बो. "रिकाम्या बसता, भरा लोकरीनं." पेन्शनीत निघाल्यापासून सगळ्या कॉलनीला माझ्या रिकामपणाची काळजी. घेतलं. अमोल पुण्याहून सोळाला येतोय, ह्यांच्या श्राद्धाला. ह्यांना जाऊन दोन वर्षं होतील. लेक येईपर्यंत हाताला काम.

४, मंगळ.
शहागंजात लोकर. दुकानदार चाचांनी पांढरी काढली, मी बोट दाखवलं भुऱ्या लच्छ्यांकडं. "बाई, चित्रात तर सफेद हाय ना." असू द्या म्हटलं. घरी पिशवी उघडली आणि परत बंद केली. आमच्या भुऱ्याचा, अमोलच्या कुत्र्याचा रंग, अगदी तोच. ठरवून घेतली नव्हती.

५, बुध.
वहिनींनी लव उभी करायचा टाका शिकवला. खालच्या ओळीपासून वर जायचं. एक टाका घट्ट ओढायचा, पुढचा सैल सोडून त्याचा लूप अंगठ्याखाली दाबून धरायचा. भरून झालं की लूप कात्रीनं कापायचे, विंचरायचे. "कापलं की मग उसवता येत नाय बरं." बजावून गेल्या.

८, शनि.
पाठ भरून झाली. लूप कापले, विंचरलं. हात फिरवला आणि पटकन काढून घेतला. तसंच लागलं हाताला.
दुपारी स्वयंपाकघराच्या फरशीवर नखं वाजली. उठून पाहिलं, कोणी नाही. भुऱ्या जाऊन अकरा वर्षं झाली, आता कसली नखं. तरी दार उघडंच ठेवलं.

९, रवि.
लिहूनच टाकते. भुऱ्या पळाला नव्हता.
अमोल हॉस्टेलवर, ह्यांचा दमा वाढलेला, डॉक्टर म्हणाले घरात कुत्र्याचे केस नकोत. हे म्हणत होते, राहू दे, अमोलचा जीव आहे त्याच्यावर. मी रिक्षा केली. चितेगावला, कंपन्यांच्या मागं सोडला. पट्ट्यावर आमचा फोन नंबर, म्हणून पट्टा काढून घेतला. रिक्षामागं पळत आला. कुठवर, ते पाहिलं नाही.
अमोलला फोनवर सांगितलं, बाबांच्या हातून फाटक उघडं राहिलं. हे समोरच बसले होते.

११, मंगळ.
तेव्हापासून अमोल ह्यांच्याशी कामापुरतंच बोलायचा. शेवटच्या आजारपणातसुद्धा खुर्ची दाराशी घेऊन बसायचा. एकदा मी म्हटलं, सांगून टाकते त्याला. हे म्हणाले, "माझ्यावर राग आहे तो राहू दे. तुझ्यावर धरला तर त्यानं यायचं कुणाकडं?"
मला तेच सोयीचं होतं. भित्री मी.
कान लोकरीनं भरले. चित्रात दोन्ही ताठ. माझ्या हातून डावा दुमडला, भुऱ्याचा होता तसा. उसवला. परत तसाच.

१४, शुक्र.
डोक्यावरचे लूप कापायचे राहिलेत. कात्री घेतली की मागं कोणीतरी येऊन बसतं. श्वास ऐकू येतो, धाप लागल्यासारखा. ह्यांचा की त्याचा, कळत नाही. वहिनींना सांगितलं तर, "एकट्या लई राहता तुम्ही."
चित्र कपाटात टाकलं, टॉवेलांखाली. अमोलच्या नजरेला पडायला नको.

१६, रवि.
श्राद्ध झालं. अमोल टॉवेल काढायला गेला आणि चित्र घेऊन आला. मांडीवर ठेवून बोटं फिरवत बसला. कानाशी थांबला. "आई, हा भुऱ्या आहे."
मग म्हणाला, "बाबांनी त्या दिवशी फाटक लावलं असतं तर..."
आजच्या दिवशी, ह्यांच्या नावाचं पान वाढलेलं असताना. मला सहन झालं नाही.
"फाटक लावलेलं होतं," मी म्हणाले. मग रिक्षा, चितेगाव, पट्टा, सगळं सांगितलं.
ओरडेल वाटलं होतं. त्यानं एवढंच विचारलं, "बाबांना माहीत होतं?"
"हो."
"शेवटपर्यंत?"
"हो."
बाहेर पायरीवर जाऊन बसलाय. पाऊण तास झाला. बॅग इथंच आहे. चहा दोनदा गरम केला, हाक मारवत नाही.