उघडा चाकू आणि इतर जंगम मालमत्ता

मी, खाली सही करणार, धंदा तंबू, ताडपत्र्या व दुकानांची कापडी छपरे शिवणे, वय वर्षे एकाहत्तर पूर्ण, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, दुकानामागच्या खोलीत, कापड कापायच्या मोठ्या टेबलावर लिहून ठेवते. माझी बुद्धी स्थिर आहे, स्मरण शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणायचा प्रयत्न भाचीने सकाळपासून केला ("आत्या, जरा मोठं लिही ना, नंतर मलाच वाचायचंय"), पण मी बधलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे. दातांच्या डॉक्टरांचा दाखला चालेल का, अशी शंका वकीलबाईंनी काढली. मी म्हटले, माझे तोंड त्यांच्याइतके कोणी ऐकलेले नाही, त्यांनाच विचारा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणाल्यास ती थाप समजावी.

कलम १. हे दुकान, मागची खोली, दोन्ही शिवणयंत्रे आणि बँकेत जे काही असेल ते, सर्व माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला मिळावे. शिक्षण सोडून ती इथे आली तेव्हा मी तिला महिनाभर नुसत्या गाठी सोडवायला बसवले होते. आता तिची टीप माझ्यापेक्षा सरळ येते. हे मी तिला तोंडावर सांगितलेले नाही व सांगणारही नाही. पहिले काम तिने मागच्या खोलीच्या छपराची गळती काढण्याचे करावे.

कलम २. माझी खरी मालमत्ता म्हणजे घडीचे शिकारी चाकू. जाड पोलादी पाते, शिंगाची, हाडाची किंवा गडद लाकडाची मूठ, दोन्ही टोकांना पितळ, आणि पाठीवर खटका. पाते पूर्ण उघडून तो खटका "खट्" असा बसला की मला अजूनही बरे वाटते. शिकारी म्हणतात म्हणून खुलासा करते की मी आयुष्यात कशाचीही शिकार केलेली नाही. पाल दिसली तर मी याच टेबलावर चढते आणि भाचीला हाक मारते. बाबा शिकाऱ्यांना तंबू शिवून देत. त्यातल्या एकाने तंबूवर खूश होऊन खिशातला चाकू काढून बाबांच्या हातावर ठेवला आणि तिथून हे वेड घरात शिरले.

माझ्या एप्रनच्या उजव्या खिशात रोज एक चाकू असतो. लोक हसतात. "या वयात चाकू घेऊन कुणाला घाबरवताय?" असे विचारतात आणि तासाभराने तेच लोक दारात उभे राहून म्हणतात, "जरा तुमचा तो चाकू द्या हो." त्याने मी दोर कापले, खोकी फोडली आणि एकदा लिफ्टच्या दारात अडकलेला वरच्या मजल्यावरच्या शेजारणीच्या कोटाचा पट्टा कापला. शेजारीण सुखरूप सुटली. त्या पट्ट्याबद्दल मात्र ती अजून बोलते.

कलम ३. सदर शेजारणीला एक नवा पट्टा घेऊन द्यावा. रंग तिने निवडावा आणि विषय संपवावा.

कलम ४. खिशातला हा चाकू, गडद लाकडाच्या मुठीचा, भाचीला. तिने तो रोज बाळगावा. सुट्टीच्या दिवशी बिजागरीत तेलाचा एक थेंब घालावा. त्याने डबे उघडू नयेत, स्क्रू पिळू नयेत आणि ज्याला धार लावता येत नाही अशा माणसाला तो उसना देऊ नये.

कलम ५. शिंगाच्या मुठीचा चाकू पलीकडच्या चांभारदादांना. त्यांनी तो माझ्याकडून कितीदा नेला याची गणती नाही, पण दर वेळी नेला त्यापेक्षा जास्त धारदार करून परत आणला. अशी माणसे गल्लीत एखादीच असतात.

कलम ६. काचवाल्याला हाडाच्या मुठीचा. काचवाला म्हणजे माझ्यासारखाच चाकू जमवणारा एक गृहस्थ. पण त्याचे सगळे चाकू काचेच्या कपाटात असतात आणि तो त्यांना पांढरे हातमोजे घालून उचलतो. या चाकूसाठी तो गेली कित्येक वर्षे माझ्या मागे आहे. मिळेल, पण आधी त्याने वकीलबाईंसमोर, हातमोजे न घालता, या चाकूने एक सफरचंद कापून खावे. पात्यावर डाग पडेल म्हणून तो कळवळेल. त्याला पाणी द्यावे, पण अट सोडू नये.

कलम ७. उरलेल्या चाकूंतून बेकरीवाला, न्हावी, फुलवाली आणि पोस्टमन यांनी एकेक निवडून घ्यावा. भांडाभांडी झाल्यास फुलवालीने आधी निवडावा, कारण ती तशीही कोणाचे ऐकणार नाही.

कलम ८. आता बाबांचा चाकू, जो हे लिहिताना माझ्या डाव्या हाताशी उघडा पडलेला आहे.

बाबांचा नियम होता की चाकू ज्याने उघडला त्यानेच मिटायचा. ज्या हाताने उघडला त्या हाताला पाते कुठे आहे ते ठाऊक असते, दुसरा मिटायला गेला की बोट कापून घेतो, एवढे साधे कारण. एकदा बाबा पाव कापता कापता गिऱ्हाईकाशी बोलायला उठले ते दुपारी उगवले. तोवर आम्ही बहीणभाऊ त्या उघड्या चाकूला वळसा घालून जेवलो, पण कोणी हात लावला नाही.

भावाचा धंदा धातूला पॉलिश करण्याचा. नळ, कड्या, मोटारींचे बंपर, हाती येईल ते तो चकचकीत करून सोडतो. नऊ वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाच्या तोंडावर तो म्हणाला, "ताई, बाबांचा चाकू दोन दिवस दे." मी दिला. वाढदिवसाला त्याने तो आणून या टेबलावर मोठ्या थाटात उघडला. पात्यात मला माझे नाक दिसले.

ज्यांना चाकूंतले कळत नाही त्यांच्यासाठी लिहिते. जुन्या पोलादाला वापरून वापरून करडा-निळा रंग येतो. तो मळ नव्हे. त्या रंगात बाबांची चाळीस वर्षे होती. शिवाय पात्याच्या बुडाशी त्यांनी कानशीच्या कोपऱ्याने दोन बारीक रेघा ओढल्या होत्या, एक मी झाले तेव्हा आणि एक भाऊ झाला तेव्हा. पॉलिशच्या चाकाने रंगही नेला आणि रेघाही नेल्या. मी त्यावर जे बोलले ते इथे लिहीत नाही, मृत्युपत्र चारचौघांत वाचतात. तोही काही कमी बोलला नाही. "तुला चकचकीत काही बघवतच नाही," असे ओरडून निघून गेला आणि टोपी इथेच विसरला. चाकू उघडाच राहिला.

मला तो मिटता येत नाही असे नाही. पण उघडला त्याने. तेव्हापासून मी त्याच्या भोवतीने कापड कापते.

सदर चाकू माझ्या पश्चात धाकट्या भावाला मिळावा. अट अशी की त्याने स्वतः इथे येऊन आपल्या हाताने मिटून न्यावा. न आल्यास चाकू आहे तिथेच उघडा राहील आणि भाचीनेही भोवतीनेच कापावे.

इथवर लिहून झाल्यावर वकीलबाईंनी कागद वाचला आणि चष्मा काढला.

"बाई, तुम्ही अख्ख्या गल्लीला चाकू वाटलेत."

"मग? माझे आहेत."

"ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. दोन साक्षीदार लागतात. राहिलंय कोण?"

राहिले होते दातांचे डॉक्टर, कारण "माझ्याकडे हत्यारं पुष्कळ आहेत" म्हणून त्यांनी चाकू आधीच नको म्हटला होता. दुसऱ्यासाठी आम्ही गल्ली पालथी घातली. चांभारदादांनी हात जोडले, "सही नको, चाकू राहू द्या." बेकरीवाला तेच म्हणाला. काचवाल्याने बराच विचार करून दोन्ही जमेल का असे विचारले. शेजारीण तयार होती, पण पट्टा हीसुद्धा मिळकतच, असे वकीलबाई म्हणाल्या. मग पट्टा सोडायला शेजारीण तयार होईना.

या गडबडीत भाची काही न सांगता बाहेर गेली. संध्याकाळी परतली तेव्हा मागे तिचे वडील होते.

भाऊ दारातूनच म्हणाला, "साक्षीदार कमी पडलाय म्हणे."

मी म्हटले, "टोपी खुंटीवर आहे."

तो टेबलापाशी आला आणि चाकूकडे वाकून बघत राहिला. "ताई, हा परत काळा कसा झाला?"

"न मिटता सफरचंदं कापली. आंबट लागलं की रंग चढतो."

"तुला सफरचंद कुठे आवडतं?"

मला सफरचंद मुळीच आवडत नाही, हे इथे नोंदवून ठेवते. नऊ वर्षे रोज एक खाल्ले. मग मी त्याला रेघांचेही सांगितले. त्या दिवशी ओरडण्याच्या भरात ते राहूनच गेले होते. "रेघा? मला वाटलं ओरखडे आहेत," तो म्हणाला आणि खुर्चीत बसला. नंतर त्याने कलम आठ वाचले.

"म्हणजे तू गेल्यावर मी यायचं आणि रिकाम्या खोलीत एकट्यानं हा मिटायचा?"

"कलम तसंच आहे."

"भिकार कलम आहे. मला नको चाकू. मी साक्षीदार होतो."

मला एकदम वाईट वाटले. ज्याच्यासाठी इतकी सफरचंदे गिळली तोच नको म्हणतो. मग एक सुचले आणि मी वकीलबाईंना विचारले, "मृत्युपत्रात न लिहिता, आत्ता हातात दिला तर?"

"तुम्ही जिवंतपणी कोणाला काय देता याच्याशी या कागदाला काही घेणंदेणं नाही," वकीलबाई म्हणाल्या. या मृत्युपत्राचे चालले आहे तेवढ्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच हसल्या.

भावाने भाचीकडून कानस मागून घेतली आणि पात्याच्या बुडाशी दोन रेघा ओढल्या. दुसरी वाकडी आली. वाकडी कोणाची यावर वाद झाला, तो अजून चालू आहे. मग त्याने खटका दाबला, बोटे बाजूला घेतली आणि चाकू मिटला. भाची उगाचच दोऱ्याची रिळे लावत बसली होती, तिने नाक पुसले. मीही पुसले.

कलम ८ याद्वारे रद्द करते. सदर चाकू आता माझ्या मालमत्तेत नाही. टेबलाचा डावा कोपरा मोकळा झाला आहे, तो भाचीने हवा तसा वापरावा.

एवढे लिहून, वाचून, भावाने काढलेल्या शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष करून, मी यावर राजीखुशीने सही करते. हे अमलात आणण्याची कोणी घाई करू नये.

स्थळ : दुकानामागची खोली
दिनांक : ९ ऑक्टोबर, दिवे लागल्यावर

(सही) तंबूवाली

आम्ही दोघांनी सदर बाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिले.

साक्षीदार पहिला : (सही) दातांचे डॉक्टर, समोरची इमारत.

साक्षीदार दुसरा : (सही) धाकटा भाऊ, धंदा धातूला पॉलिश करणे. या मृत्युपत्राने यास काहीही मिळालेले नाही.