मंगळवारचा फोन

ठमे,

दूध तापवून ठेवलंय, भात झाकलाय. तुझे वाळलेले कपडे खुर्चीवर आहेत. मी विद्यापीठाच्या दवाखान्यात चाललेय, अकराला समुपदेशक मॅडमची वेळ मिळालीये. घाबरू नकोस आणि माझ्या आईला कळवू नकोस. मीच सांगेन, जमेल तसं.

मंगळवारी दुपारी तू विद्यार्थ्यांच्या मदतीच्या फोनवर बसली होतीस, तेव्हा एका मुलीचा फोन आला होता बघ. नाव सांगेना, परीक्षेचं नाव काढलं की नुसती रडायची. ती मी. तुझी फोनवरची पाळी गुरुवारी असते म्हणून मी मंगळवारी केला, तर उचललास तूच. ठेवून देणार होते, पण तू विचारलंस, "सकाळपासून पोटात काही गेलंय का?" मग अर्धा तास माझं रडगाणं ऐकलंस. आजची वेळ घ्यायला तूच लावलीस. माझं नाक चोंदलेलं होतं, त्यामुळे तू ओळखलं नसशील.

त्या संध्याकाळी आलीस ती कानात गाणी घालूनच. बोललीस एवढंच, की बादली भरून ठेव. राग नाही गं. दिवसभर लोकांचं ऐकून तुझेही कान किटत असतील.

पण दोन वर्षं एका खोलीत राहतोय आपण, आणि तुझा तो आवाज मी मंगळवारी पहिल्यांदा ऐकला. आज घरी आलीस की एकदा त्याच आवाजात विचार, जेवलीस का म्हणून.

पलीकडच्या कॉटवरची