पत्रिका जुळली, आता रक्त तपासा

खारघर

चि. श्यामसुंदर यास,
रागावलेल्या ताईचे, तरीही मनापासून आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहिते. तुझी लेक जाई माझ्याकडे मजेत आहे. तुझा खोकला थांबला का?

रविवारी तिच्यासाठी पाहिलेल्या निशांतकडची मंडळी आली. पत्रिका जुळल्याने सगळे खूश. मी म्हटलं, "आता दोघांची एचआयव्ही तपासणीही करून घेऊ." विहीणबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, आमचं घर चांगलं आहे!"

आमच्या सोसायटीत व्याख्यानाला आलेल्या मानसशास्त्राच्या एक प्राध्यापिका सांगून गेल्या, की माहिती सगळ्यांनाच असते, पण धोका प्रत्येकाला दुसऱ्याच्याच घरात दिसतो. किती खरं!

निशांत शहाणा. म्हणाला, "करू की, दोघंही करू." तर तुझी लेक फणकारली, "आत्या, माझी कशाला?" मी कपाळाला हात लावला. एवढं शिकवलंस ते कशासाठी रे?

शेवटी तयार झाली. उद्या दोघं जाताहेत. तेव्हापासून ती सारखी कपाट आवरतेय, आणि खरं सांगते, मीही दोनदा देवापुढे दिवा लावला.

विहीणबाईंना माफीचा फोन करायचा नाही, सांगून ठेवते. आणि निकाल काहीही येवो, पोरीला आधी "जेवलीस का" एवढंच विचार.

तुझी,
जयाताई