तिसऱ्या रांगेतले हसणे

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सोफे-खुर्च्या भरण्याचा, राहणार दुकानावरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. रागाचा दाखला त्यांच्याकडे मिळत नाही, म्हणून तो मीच देतो: राग शाबूत आहे. पुढचे सर्व त्या रागात लिहिले आहे, पण घाईत लिहिलेले नाही.

कलम पहिले. खालचे दुकान, वरच्या दोन खोल्या, बँकेतली शिल्लक आणि तिच्या आईचे दागिने माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावेत. ती परगावी दातांची डॉक्टर आहे, तिला हे दुकान चालवायचे नाही, आणि तसा माझा आग्रहही नाही. खुशाल विकावे. बापाची आठवण म्हणून मोडक्या खुर्च्या सांभाळत बसू नये. वरचा हॉल मात्र या कलमात धरू नये. त्याची वाट वेगळी लावली आहे.

कलम दुसरे. शिलाईचे यंत्र, सगळ्या सुया, हातोड्या आणि कापडाचे शिल्लक तागे माझ्याकडे उमेदीची सगळी वर्षे काम केलेल्या शिलाईवाल्या बाईंना द्यावेत. मोठी कात्री त्यांनी कुणाला उसनी देऊ नये. मी एकाला दिली होती, आणि त्या माणसाने तिच्याने पुठ्ठा कापला.

कलम तिसरे. पुढची कलमे कुणाला सुडाची वाटतील. ती तशीच आहेत. पण कारण कळल्याशिवाय कुणी मला आकसखोर म्हणू नये, म्हणून कारण लिहितो.

माझी बायको हॉस्पिटलात टेलिफोनवर बसायची. दिवसभर हळू आवाजात बोलायची, कारण पलीकडचा माणूस बहुतेक वेळा वाईट बातमीची वाट पाहत असायचा. तिचा आवाज सुटायचा तो फक्त शनिवारी संध्याकाळी. त्या वेळी टीव्हीवर एक विनोदी कार्यक्रम चालू होता. तो आमच्याच गावातल्या स्टुडिओत, प्रेक्षक बसवून चित्रित व्हायचा. तिथल्या खुर्च्या मी भरल्या होत्या, म्हणून आम्हा दोघांना तिसऱ्या रांगेतले पास मिळायचे. ती हसायला लागली की आधी नुसते खांदे हलायचे, मग एकदम आवाज फुटायचा, आणि पुढच्या रांगेतले लोक वळून तिच्याकडे बघता बघता स्वतःच हसू लागायचे. कार्यक्रमातला मुख्य नट तिचे हसणे ओसरेपर्यंत पुढचे वाक्य टाकत नसे.

या कार्यक्रमाच्या चाहत्यांचे मंडळ दर रविवारी आमच्या हॉलमध्ये जमायचे. आदल्या दिवशीच्या भागावर बोलायचे, भांडायचे, चहा प्यायचे. मंडळाचे एक छापील पत्रक निघायचे आणि त्यात परीक्षण लिहायचा माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आई लवकर गेल्यावर त्याला हिनेच वाढवले, शिकवले, स्वतःचे लग्न लांबवून त्याची कॉलेजची वर्षे काढून दिली. मंडळी त्याला 'समीक्षक' म्हणायची. पुढे वर्तमानपत्रानेही त्याला सदर दिले.

त्या सदरात एका सोमवारी त्याने लिहिले: 'तिसऱ्या रांगेतल्या एक बाई विनोद पुरा होण्याआधीच हसत होत्या. जिन्यावरून ताटे कोसळावीत, तसे ते हसणे. असे प्रेक्षक लाभले की विनोदाने चांगले असण्याची गरज उरत नाही.'

उपमा अचूक आहे, हे मी मान्य करतो. म्हणून तर ती जिव्हारी लागली. खोटी असती तर बायकोने झटकून टाकली असती.

पुढच्या रविवारी हॉल गच्च भरला. चांगला समीक्षक कुणाला म्हणावे, यावरच वाद पेटला. बँकेतले कॅशियर म्हणाले की समीक्षकाने हसूच नये, हसला की तो नटाच्या पंगतीला बसला. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, ज्याला भूकच लागत नाही त्याला पावाची चव कशाला विचारायची? आधी हसावे आणि मग का हसलो ते सांगावे, तो चांगला. कॅशियर म्हणाले, हा झाला चाहता, समीक्षक नव्हे. कुणी म्हणाले, समीक्षकाने पडद्यावरच्या माणसांबद्दल लिहावे, खुर्चीतल्यांबद्दल नाही. त्यावर मेहुण्याने शांतपणे चष्मा पुसला आणि सांगितले की प्रेक्षक हाही कार्यक्रमाचा भाग असतो, आपण कुणाचे नाव घेतलेले नाही, आणि ज्याला बोचले त्याने ते खरे असल्यामुळेच बोचले, असे समजावे.

बायको तिथेच चहा ओतत होती. ती बाई कोण, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होते. कॅशियरांनी ठराव मांडला की निर्भीड लेखनाबद्दल समीक्षकांना मंडळातर्फे मानचिन्ह द्यावे. भराभर हात वर झाले. बेकरीवाल्या बाई आणि शिलाईवाल्या बाई उठून निघून गेल्या. बाकीचे टाळ्या वाजवत होते, तेव्हा बायको भावाकडे बघून म्हणाली, "मला वाटलं, तो विनोद चांगला होता."

मग ती कप गोळा करायला लागली.

त्यानंतर ती रुमाल घेऊन जाऊ लागली. हसू आले की तोंडावर दाबून धरायची, डोळ्यांतून पाणी यायचे, पण आवाज नाही. काही महिन्यांनी तिने पास शिलाईवाल्या बाईंना देऊन टाकले. मी एकदा स्टुडिओत फाटलेली सीट शिवायला गेलो, तर तो मुख्य नट मुद्दाम माझ्यापाशी आला. "तिसऱ्या रांगेतल्या बाई आजारी आहेत का हो?" त्याने विचारले. म्हटले, आजारी नाहीत, त्यांचं परीक्षण झालं.

मी ठरावाच्या दिवशीच मेहुण्याला जिन्यावरून खाली उतरवणार होतो. बायकोने अडवले. म्हणाली, "माझ्या अंगाखांद्यावर वाढलाय तो. मी असेपर्यंत त्याला एक शब्द बोलायचा नाही." मी कबूल केले. वर्षानुवर्षे तो माझ्या हॉलमध्ये, मी भरलेल्या खुर्चीत बसून मते देत राहिला आणि मी मूग गिळून बसलो. चार वर्षांपूर्वी ती गेली. शेवटपर्यंत ती मोठ्याने हसली नाही. तिची अट 'मी असेपर्यंत' अशी होती, हे वाचणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

कलम चौथे. कॅशियरांचा सोफा दुरुस्तीसाठी माझ्याकडे आला आहे. त्यातल्या तीन स्प्रिंगा वर आल्या आहेत. तो आहे त्या स्थितीत परत करावा. त्यांनी त्यावर निर्भीडपणे बसावे.

बेकरीवाल्या बाईंना दुकानाच्या खिडकीतला हिरवा सोफा द्यावा. तो मी विकायला केलेलाच नव्हता.

कलम पाचवे. वरचा हॉल, त्यातला टीव्ही आणि जुन्या भागांच्या सगळ्या कॅसेटी चाहता मंडळाला वापरायला द्याव्यात. भाडे घेऊ नये. अट एकच आहे. हॉलच्या पुढच्या टोकाला, टीव्हीच्या अगदी शेजारी, मी एक खुर्ची केली आहे. तिचे पाय फरशीत बोल्टने आवळले आहेत. तिची पाठ पडद्याकडे आणि तोंड प्रेक्षकांकडे आहे. ती खुर्ची माझ्या मेहुण्याची. ज्या बैठकीला तो त्या खुर्चीत बसेल, ती बैठक हॉलमध्ये होईल. लागोपाठ दोन बैठकांना तो आला नाही, तर मंडळाने चावी माझ्या मुलीकडे द्यावी आणि भांडायला दुसरी जागा शोधावी. त्याला खुर्चीतल्या माणसांबद्दल लिहायची हौस होती. त्याने ती आता पोटभर भागवावी. आणि ज्यांनी हात वर केले होते, त्यांनी दर रविवारी त्याला घरून घेऊन यावे.

कलम सहावे. माझ्या अंत्यविधीला भाषणे नकोत. मेहुण्याने माझ्यावर कुठेही लेख लिहू नये. लिहिलाच, तर मुलीने त्यावर जाहीर परीक्षण लिहावे.

कलम सातवे. हे मृत्युपत्र पक्के करण्याआधी वकीलबाईंनी मला विचार करायला पंधरवडा दिला होता. त्या पंधरवड्यात जे झाले, तेही लिहितो, म्हणजे मी डोळे मिटून सही केली, असे कुणी म्हणणार नाही.

मुलगी आली होती. तिने मसुदा वाचला आणि माझ्याशी दिवसभर बोलली नाही. तिचा मामावर जीव आहे. रविवारी दुपारी ती त्यालाच घेऊन वर आली. तो आता थकला आहे, जिना चढताना दोनदा थांबला. मुलीने त्याला सगळे सांगितलेलेच होते. तो माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "भावोजी, ताईचा राग होता माझ्यावर, हे मला कधी कळलंच नाही."

"तिचा नव्हता," मी म्हणालो. "माझा आहे."

त्याने खुर्चीकडे पाहिले. मग जाऊन बसला. हात फिरवून बघितला आणि मऊ आहे म्हणाला. मी सांगितले की वाईट खुर्ची करायला मी शिकलेलो नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

मुलीने सवयीने टीव्हीवर कॅसेट लावली. एक जुना भाग सुरू झाला. मागे आवाज आल्यावर मेहुण्याने, पूर्ण विसरून, खुर्ची पडद्याकडे फिरवायला दोन्ही हातांनी हिसका दिला. खुर्ची हलली नाही. त्याने पाय रोवून पुन्हा जोर केला, तसा चष्मा नाकावरून सुटून मांडीवर पडला, आणि तो बसल्या बसल्या तसाच घसरून अर्धा खाली आला.

मुलीचे आधी खांदे हलले. मग आवाज फुटला.

तिला असे हसता येते, हे मलाही माहीत नव्हते. घरात तिने ते कधी काढले नव्हते. हॉलभर तोच आवाज, ताटे जिना उतरून थेट रस्त्यापर्यंत गेली असतील. मेहुणा जिथल्या तिथे थांबला. चष्मा उचलायचेही त्याला सुचेना. मान वर करून तो तिच्याकडे बघत राहिला, आणि ती बिचारी तोंडावर हात न ठेवता हसतच राहिली.

त्याच्या चेहऱ्यावर काय होते, ते मी अगदी जवळून पाहिले. लिहिणार नाही. परीक्षण करणे हा माझा धंदा नव्हे.

वकीलबाईंनी काल फोनवर विचारले की काही बदलायचे आहे का. बदलायचे नाही. कलम पाचवे शब्दशः कायम ठेवावे.

वरील मजकूर मी स्वतः वाचला, मला तो मान्य आहे, आणि दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत मी खाली सही केली आहे.

ठिकाण: दुकानावरचा हॉल
तारीख: ११ मार्च २०१४

(सही) सोफे भरणारा, लिहून ठेवणार

साक्षीदार:
१. (सही) डॉक्टर. लिहून ठेवणार शुद्धीवर आहेत. रक्तदाब थोडा वाढलेला.
२. (सही) बेकरीवाल्या बाई. खुर्ची जाऊन पाहिली. बोल्ट पक्के आहेत.