अद्वैतच्या गुडघ्याचा नवस

सोलापूर,
जानेवारीअखेर

ती. हेमावतीअक्कास अमरेशचा नमस्कार आणि शरणार्थी.

पत्र हाती आलं म्हणजे चादरीचा काठ तू उसवलास, आणि 'चादर आली की दार लावून एकटीनं उघड' या माझ्या निरोपाचा अर्थ तुला लागला. कोऱ्या चादरीला हात लावायला लावला याबद्दल रागावू नकोस. राजेसाब टेलरनं काठ मुद्दाम कच्च्या टाक्यांनी शिवलाय, दोरा ओढला की सुटतो. त्याचा पुतण्या मुबीन शिकायला अमेरिकेत तुमच्याच गावी निघाला म्हणून हे जमलं. फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस, आणि मेसेज आला की "चष्मा कुठं गेला बघ रे" म्हणत अद्वैतकडूनच वाचून घेतेस. हा मजकूर जगात फक्त एकाच माणसानं वाचू नये अशी माझी इच्छा आहे, आणि तो माणूस म्हणजे तुझा लेक अद्वैत.

तुझं पित्त कसं आहे? शेंगाचटणी पाठवलीय, पुरवून खा. भावोजी परवा जेऊरहून येऊन गेले. त्यांची केळी आणि ब्लडप्रेशर, दोन्ही जागेवर आहेत. तुझी भावजय बरी आहे. चिगव्वा तर खणखणीत आहे (हे पत्र लिहायची वेळ त्यामुळंच आली). मी कमरेच्या वर उत्तम आहे.

आता मूळ गोष्ट. रोजनिशी लिहायच्या सवयीमुळं मी तुला माहीत असलेलंही सांगत बसेन, तेवढं सोसून घे. मागच्या जानेवारीत अद्वैत तिकडच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात चमकत होता, मोठ्या लीगचे लोक त्याला बघून जातात असं वर्तमानपत्रात आलं, आणि आपल्या चौकात त्याचा फ्लेक्स लागला. 'सोलापूरचा सुपुत्र अमेरिकन लीगच्या उंबरठ्यावर'. फ्लेक्स आडवा, पोरगं सहा फूट आठ इंच. मावेना. शिवाय खाली शुभेच्छुकांचे सतरा फोटो बसवायचे होते. तेव्हा छापणाऱ्यानं अद्वैतला गुडघ्यापाशी कापला. आणि फेब्रुवारीत उडी मारून खाली येताना पोराचा डावा गुडघा गेला. आतला लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं आणि तू त्याच्यापाशी तिकडं गेलीस. मी भूगोल शिकवणारा माणूस आहे, फ्लेक्सचा आणि लिगामेंटचा काही संबंध नाही हे मला कळतं. पण बातमी आली त्या दिवशी शिडी आणून तो फ्लेक्स मीच उतरवला, हेही खरं. चिगव्वा खाली शिडी धरून उभी होती. (आईच्या या धाकट्या बहिणीनं आपल्याला वाढवलं, पण शिडी धरताना ती कधी गप्प राहिली नाही.) "गुडग्यात कापला की रे त्यानं! सतरा तोंडं छापायला जागा हाय, पोराच्या पायाला न्हाय!" असं चौकभर ऐकवून ती तडक सिद्धेश्वराला गेली आणि नवस बोलून आली.

इथपर्यंत ठीक होतं. नवस काय, हे मी विचारायला नको होतं, पण विचारलं. पोराचा गुडघा बरा झाला तर येत्या संक्रांतीच्या यात्रेत पोरगं स्वतः नंदीध्वज पेलेल.

अक्का, तो नंदीध्वज डोळ्यांसमोर आण. तीस फुटी काठी, कमरेच्या पट्ट्यात तिचं बूड टेकवून दोन्ही हातांनी तोलायची, वारा आला की सगळा भार गुडघ्यात घ्यायचा आणि वळणावर गुडघ्यातूनच वळायचं. तिकडच्या डॉक्टरानं काय सांगितलंय ते तूच मला सांगितलंस: बरा झालास की धाव, उड्या मार, पण अंगावर वजन घेऊन वळू नकोस, एवढं खेळत असेपर्यंत सांभाळ. म्हणजे ज्या गुडघ्यासाठी नवस, तो गुडघा नवस फेडतानाच जायचा. मी हे चिगव्वाला समजावलं. ती म्हणाली, "देव बगून घेईल की. त्याला काय कळत न्हाई व्हय?" यावर भूगोलात उत्तर नाही.

तू म्हणशील, नवस चिगव्वाचा, पोरगं सातासमुद्रापलीकडं, तर काळजी कसली? अक्का, पोरगं तुझं आहे म्हणून तू विसरतेस. चौथीत गणितात पास होईपर्यंत गूळ खाणार नाही असं यानं चिगव्वाला कबूल केलं होतं. पास झाला, पण 'आता खा' असं सांगायचं चिगव्वाच्या लक्षात राहिलं नाही, आणि हा दहावीपर्यंत पुरणपोळीकडं नुसता बघत राहिला. असल्या मुलाच्या कानावर नवस गेला असता तर तो पहिलं विमान धरून आला असता. आणि त्याच संक्रांतीच्या आठवड्यात धाकट्या लीगच्या त्या संघानं त्याला चाचणीला बोलावलेलं. वर्षभर तुटलेल्या पायावर जी एक आशा उभी होती ती एवढीच. कॉलेज संपलेलं, मोठ्या लीगच्या लोकांनी फोन उचलणं सोडलेलं. ही चाचणी हुकली असती तर पुन्हा कुणी बोलावलं नसतं.

इकडं सगळं सोलापूर त्याच्या गुडघ्यावर बोलत होतं. आमच्या स्टाफरूममध्ये कुणी म्हणे असे खेळाडू परत येतात, कुणी म्हणे येतात पण पहिल्यासारखे उडत नाहीत. मी रात्ररात्र परक्या लोकांच्या गुडघ्यांचे व्हिडिओ बघत होतो. धीर दिला तो एकट्या राजेसाबनं: "गुडगा क्या सर, होता बरा. उंची तो किदर जाती नै ना?" यात विचार करण्यासारखं काहीतरी आहे असं मला वाटलं, आणि काय आहे ते अजून सापडलेलं नाही.

दिवाळीत तुम्ही व्हिडिओ कॉल केलात ते आठव. अद्वैत म्हणाला, "चिगव्वा, मी आता पळतो." हिचा चेहरा उजळला, तोंड उघडलं, "मग संक्रांतीला," एवढं म्हणाली आणि फोन बंद पडला. तू नंतर किती वेळ रेंज नाही, रेंज नाही म्हणत होतीस. अक्का, ती रेंज नव्हती, मी होतो. मी फोन हिसकावून कडक भाकरीच्या डब्यात टाकला आणि डब्यावर बसलो. चिगव्वा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भाकरींचा चुरा झाला, तो तुझ्या भावजयीनं मलाच संपवायला लावला.

शेवटी मी अशी तोड काढली: नवस मी फेडतो. चिगव्वा म्हणाली, गुडघा बरा झाला पोराचा, फेडणारा तू कोण? मी म्हटलं, मी मामा. जावळ काढताना पोर कुणाच्या मांडीवर बसवलंस? कान टोचताना कुणाच्या? पोराच्या वतीनं सगळीकडं मामा चालतो, मग काठीलाच का चालत नाही? चिगव्वानं हातातली वात वळून ठेवली. मग म्हणाली, "मामा चालतो की. पर ह्यो मामा चालंल व्हय?" आणि माझ्याकडं वरून खाली एकदा पाहिलं. वरून खाली पाहायला तिला फार वेळ लागला नाही. मी पाच फूट चार.

त्यानंतर कळलं की चिगव्वानं राजेसाबकडं अद्वैतच्या मापाची, काठी धरणारे घालतात ती पांढरी बाराबंदी आधीच शिवायला टाकली होती. राजेसाबनं ती माझ्या अंगावर चढवली तर बाह्या बोटांच्या पुढं आणि घेर पोटरीवर. तो लांब उभा राहून म्हणाला, "सर, धोतर की जरूरतच नै." मग त्यानं सगळी उसवून पुन्हा शिवली. उरलेल्या कापडात चिगव्वाच्या दोन उशांचे अभ्रे झाले.

सराव धुळानं घेतला. धुळा आपल्या भागातल्या पोरांना काठी धरायला शिकवतो, एरवी तो टेम्पो चालवतो आणि शिकवतोही तसंच, ओरडून. सरावाची काठी खऱ्यापेक्षा हलकी असते म्हणतात. कुणासाठी हलकी ते सांगत नाहीत. पहिल्या दिवशी ती माझ्या हातून सावकाश, अगदी विचार करून, एका पेरूवाल्याच्या गाड्याकडं झुकली. "सर, तिला धरा, मिठी मारू नका!" धुळा. "सर, खाली काय बघताय, खाली रस्ताच हाय!" धुळा. "सर, लांब व्हा, सर!" हेही धुळाच, पण पेरूवाल्यालाही तो सरच म्हणतो, त्यामुळं आम्ही दोघंही लांब झालो. वर्गातली पोरं बघायला जमायची. मी विचारात पडायचो: हे मी भाच्यासाठी करतोय, की मलाही एकदा कुणीतरी वर बघावं म्हणून? आमच्या घरात लोक वर बघून बोलतात ते अद्वैतशी. खरं सांगायचं तर उत्तर दोन्ही होतं. पण काठी तोलताना दोन्ही विचार एकदम करता येत नाहीत, पडते.

तर यात्रेतल्या अक्षतेच्या दिवशी, देवाचं लग्न लागल्यावर परतीच्या वाटेवर, गर्दी थोडी विरळ झाल्यावर, धुळानं शब्द टाकला म्हणून मला काठी मिळाली. वर बघितलं. ते झुलतं टोक, त्यामागं आभाळ, आजूबाजूला 'हर्र बोला हर्र', आणि माझ्या डाव्या-उजव्या हाताला चार दणकट पोरं. मी चाललो. किती चाललो ते सांगत नाही, कारण चिगव्वा एक सांगते आणि धुळा दुसरं. काठी मी पेलली की त्या चार पोरांनी, याचा मी रात्री बराच विचार केला. आणखी एक शंका अशी की अद्वैतची चाचणी तुमच्या सकाळी, म्हणजे आमच्या त्या रात्री. फेडणं आधी आणि निकाल नंतर, याला नवस म्हणावं की देवाला दिलेला अ‍ॅडव्हान्स? चिगव्वाला विचारलं. ती म्हणाली, "झोप आता."

आणि मग तुझा तो व्हिडिओ आला. संघानं उरलेल्या मोसमासाठी ठेवून घेतलं, तू खाली लिहिलं होतंस, पण ते मी नंतर वाचलं. अद्वैत पळत येतो, उडतो, आणि खाली येतो. डाव्या पायावर. आणि उभा राहतो. अक्का, एवढंच मी पुन्हा पुन्हा बघत होतो. खाली येणं आणि उभं राहणं. बॉल आत गेला की नाही हे मी अजून बघितलेलं नाही. चिगव्वाला दाखवलं तर ती म्हणाली, "पडला न्हाई," आणि पदर डोळ्याला लावला. तुझी भावजय चहा करते म्हणून आत गेली ती तासाभरानं बिनचहाची बाहेर आली. वर्षभर घरात कुणी मोठ्यानं श्वास घेतला नव्हता, तो त्या रात्री सगळ्यांनी एकदम घेतला.

मोठी लीग? धाकटीतून मोठीत थोडेच जातात असं ऐकतो. चौकात विचारलंस तर तो येत्या वर्षीच जातोय, नवा फ्लेक्सही छापायला टाकलाय म्हणतात. मी जाऊन उभा छापा एवढं सांगून आलो. गेला तर आनंद आहे. नाही गेला तर दोन पायांवर घरी येईल, आणि मी त्याला पोटभर पुरणपोळी घालीन. मला तर आता सगळंच जमलं असं वाटतंय.

अद्वैतला आशीर्वाद सांग, कारण सांगू नकोस. तू फेब्रुवारीत येते आहेस, सगळे वाट बघतायत.

तुझा,
अमरेश

ता. क. : येताना अद्वैतचा तो गुडघ्याला बांधायचा पट्टा आण, दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला. त्याला आता लागत नाही असं तू म्हणालीस. काठी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी, शेवटच्या वळणावर माझ्या डाव्या गुडघ्यात कट्‌ झालं. आतला लिगामेंट. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात दिला तेव्हा सगळे शब्द ओळखीचे निघाले, मला काही विचारावं लागलं नाही, उलट मीच त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. ऑपरेशन नको, व्यायाम करा म्हणाले. पट्टा मला मांडीला न बसता कमरेला बसेल याची कल्पना आहे. राजेसाब लहान करून देतो म्हणालाय.

ता. क. दुसरा : मी पलंगावर पडलेला बघून चिगव्वा काल पुन्हा सिद्धेश्वराला जाऊन आली. अमरेशचा गुडघा बरा झाला तर पुढच्या संक्रांतीला अद्वैत नंदीध्वज पेलेल. मी म्हटलं, माझ्या गुडघ्यासाठी तो कशाला? म्हणाली, "मामानं भाच्याचं फेडलं, आता भाचा मामाचं फेडंल की. तूच शिकवलंस."

ता. क. शेवटचा : पट्टा आणच, वर्गापर्यंत तरी जायला पाहिजे. पण मी बरा झालो हे चिगव्वाला कधीही कळता कामा नये. खोटं बोलणं मला जमणार नाही, तिच्यासमोर फक्त लंगडेन. बास्केटबॉलवाले पस्तिशीपर्यंत खेळतात असं ऐकतो. तोवर मला जमेल.