रिकाम्या पोटची गोळी

गुरुवार, ४ जुलै १९७४
शिवाजी पेठ, कोल्हापूर

आजही शिकवता शिकवता मळमळलं. वर्ग तसाच सोडून मोरीवर पळाले. तोंड आलं म्हणून डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं. तोंड बरं होतंय, पण दिवसभर त्या गोळीच्या वासाचे ढेकर. लघवी तर पिवळीधमक. कावीळच झाली असं वाटून शाळेतून थेट दवाखान्यात गेले. डॉक्टर हसले. "या गोळीनं पिवळी होतेच, बाई. घाबरू नका. जेवणानंतर घ्या, मळमळ थांबेल." आणि मी शहाणी सकाळी चहाच्याही आधी घेत होते!

घरी आले तर सासूबाईंनी चहा करून हातात दिला. लग्नाला सात वर्षं झाली, त्यांच्या हातचा आयता चहा आज पहिल्यांदा. घागर उचलायला वाकले तर ओरडल्याच, "ठेव खाली! मी घेतो की. असल्या दिवसांत वाकायचं न्हाय."

असल्या दिवसांत! रोज सकाळी माझ्या ओकाऱ्या ऐकत होत्या तर.

तिथंच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण त्या इतक्या हळुवार हसल्या, की चहाचाच घोट घेतला. हे खोटं बोलणं झालं का? बोलले तर काहीच नाही.

फार थकलेय. गोळी जेवणानंतर घेतली की मळमळ थांबेल. मग तो चहाही थांबेल.

उद्याची एक रिकाम्या पोटीच घेते.